सांगायसारखा पिच्चर

आम्ही नवरा-बायकोनी मिळून शेवटचं जे काही केलं, ते म्हणजे एकही पिच्चर न बघणं.

संध्याकाळी सातचा सुमार. जेवणं झाली होती. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली, मी खुर्चीवर, हातात रिमोट. मी एकेका चित्रावर थांबायचं, त्याच्याखाली हिंदीत लिहिलेली दोन ओळींची हकिकत अक्षर लावून लावून वाचायची, आणि तिनं "नगं" म्हणायचं. मी चौथी शिकलेला. तिनं शाळा आतनं बघितलेली नव्हती. म्हणून वाचायचं काम माझं आणि ठरवायचं तिचं.

"एक पोलीस आसतो. त्याच्या बायकोचा खून हुतो."

"नगं. म्होरं जावा."

"एक शहरातली बाई डोंगरात ऱ्हायाला जाती. तिथं तिला स्वतःचा शोध लागतो."

"हरवली हुती काय ती? नगं."

"दोन भाऊ आन् एक जमीन."

"त्ये आपल्या गल्लीतच चाललंय. नगं."

पाऊण तास असा गेला. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "आगं मग बघायचं तरी काय? पोरानं सांगितलंय, हजारभर पिच्चर हाईत ह्यात."

"आसतील. सांगायसारखा एकबी दिसंना. नुसतं बघून काय करायचं?"

"मग बंद करतो."

"करा बंद."

मी बंद केला. ती उठली, तांब्या भरून ठेवला, आणि आम्ही झोपलो. भांडण म्हणावं असं झालं नाही, आणि गोड बोलणं म्हणावं असंही काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता डोकं लई दुखतंय म्हणाली. पिठाचे हात तसेच घेऊन खाली बसली. रिक्षा आणली, दवाखान्याच्या फाटकात रिक्षा वळायच्या आत संपलं होतं. डॉक्टरनं मेंदूतली शीर म्हणून सांगितलं. काय का असेना.

सांगायसारखा पिच्चर म्हणजे काय, ते आता सांगायला पाहिजे.

ती निपाणीत विडी कारखान्यात होती. मी तंबाखूच्या वखारीत हमाल. कारखान्यात बायका रांगेनं बसायच्या, मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, तंबाखू, दोरा. डोळे आणि हात सुपात अडकलेले. कान तेवढे मोकळे. तर प्रत्येक रांगेत एक सांगणारी असायची. तिनं रविवारी पिच्चर बघायचा आणि सोमवारपासून रांगेला सांगायचा. एक पिच्चर दोन दिवस पुरायचा, चांगला असला तर चार. सांगताना हातवारे होणार, हात थांबणार, विड्या कमी भरणार. म्हणून बाकीच्या बायका आपापल्या सुपातली एकेक जुडी तिच्या सुपात टाकायच्या. मुकादमाला माहीत होतं. तोही दाराशी उभा राहून ऐकायचा.

माझी थोरली बहीण त्याच रांगेत. आक्कानंच माझ्यासाठी ही बघितली. घरी येऊन आईला म्हणाली, "माझ्या डाव्या अंगाला एक पोरगी बसती. काळी हाय, दात जरा म्होरं हाईत, पर तोंड उघडलं की दिस कवा गेला कळत न्हाय." आई म्हणाली, दिवस जायला काय, रात्रंदिवस बडबडणारी सून मला नको. पण आक्कापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नव्हतं.

नवरा-बायको म्हणून एवढी वर्षं काढली, पण तिचं सांगणं मी कधी नीट ऐकलं नाही. घरी ती मला सांगायची नाही. "तुमाला सांगून काय उपेग? तुमी मधी 'मग' म्हणत न्हाईसा," म्हणायची. खरं होतं. मी ऐकताना गप्प असतो. वखारीत तोंडाला फडकं बांधून पोती वाहिली. धुळीत तोंड उघडायची सोय नव्हती. तीच सवय पुढं राहिली.

कारखाना सुटला, मग ती घरी विड्या वळायची, मग गुडघे गेले आणि तेही सुटलं. पोरगा शिकून बेंगळूरला नोकरीला लागला. त्यानं मोठा टीव्ही आणला आणि त्यात ते पिच्चरचं ॲप घालून दिलं. तोवर इकडं आक्काचे डोळे काचबिंदूनं गेले होते. उजेड तेवढा कळतो. आक्का आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते, धाकट्या पोराकडं. पोरगा आणि सून दहाच्या आत कामाला जातात. मग आक्का पाच वाजेपर्यंत एकटी, कट्ट्यावर. तर आमची रोज दहा वाजता भाजी निवडायला घेऊन तिकडं जायची आणि आदल्या दिवशी बघितलेला पिच्चर सांगायची. भाजी नसली तर नुसती जायची.

म्हणून तिला सांगायसारखा पिच्चर लागायचा. नुसत्या गाड्या उडणारा चालायचा नाही. "ढाम-ढूम कसं सांगायचं?" माणसं एकमेकांकडं नुसती बघत बसणारा चालायचा नाही. कन्नड, हिंदी, मराठी कुठलाही असो. माणसानं काहीतरी करायला पाहिजे आणि त्याच्यामुळं पुढचं काहीतरी व्हायला पाहिजे, एवढीच तिची अट. हजारात असले किती निघतात ते मला आता कळलं.

तिच्या मागचं पुण्यानुमोदन झालं. पोरगा म्हणाला, "आप्पा, चला बेंगळूरला." मी नको म्हणालो. तो पंधरा दिवस राहून गेला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आक्काकडं गेलो. दहा वाजता. कट्ट्यावर तिच्याशेजारी बसलो. अर्धा तास बसलो असेन.

आक्का एकदम म्हणाली, "हाईस का गेलास?"

"हाय की."

"मग बोल की रं. तुझं गप बसणं मला दिसत न्हाय."

मी म्हणालो, "काय बोलू?"

"पिच्चर सांग."

"मला सांगाय येत न्हाय आक्का."

"बघाय येतंय न्हवं? बघ आन् काय दिसलं ते सांग. हितं नुसतं तोंड घिऊन येऊ नगंस. तू आलास काय आन् न्हाय आलास काय, मला सारकंच."

आक्का अशीच आहे. आमच्यात गोड बोलायची पद्धत नाही. पण घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यात फिरत होतं. तिला दिसत नाही. मी बोलत नाही. म्हणजे तिच्या लेखी मी नाहीच. आणि ही गेल्यावर माझं जायचं ठिकाण ते एकच राहिलं होतं.

त्या संध्याकाळी टीव्ही लावला. एक चित्र उघडलं, दहा मिनिटं बघितलं, एक माणूस गाडीखाली गेला. बंद केला. दुसरा उघडला. त्यात सुरुवातीलाच फोटोला हार. बंद. उठून ग्यास बघून आलो, बंदच होता. तिसरा लावला, त्यात एक म्हातारी खोकायला लागली. पिच्चरमधली म्हातारी खोकली की ती वाचत नाही एवढं मला कळतं. बंद. चप्पल घालून हायवेपर्यंत चालत गेलो आणि तिथं काही काम नव्हतं म्हणून परत आलो. पुन्हा रिमोट. घरात खुर्ची एकच आणि ती मला टोचत होती. असे चार दिवस गेले. चारी दिवस आक्काकडं गेलो नाही.

पाचव्या दिवशी मी एक शहाणपण केलं. म्हटलं नवीन कशाला, आमच्या दोघांचा बघून झालेला एखादा सांगू. आक्का विसरली असेल. मला तो नावाडी भावांचा आठवत होता. दोन भाऊ नाव चालवतात, पुलाचं काम निघतं, थोरला पुलावर कामाला लागतो, धाकटा नाव सोडत नाही. कन्नड होता. चांगला होता. मी गेलो आणि सुरू केलं. सुरुवात बरी जमली. आक्का "मग?" म्हणत होती. 'मग' म्हणणाऱ्याला सांगायला सोपं जातं हे मला तेव्हा कळलं.

"मग काय, पूर आला. धाकटा नाव घिऊन निघाला. आन् बुडला."

"कोण बुडला?"

"धाकटा."

"कुठनं बुडतोय? नाव उलटली आन् तो पोहून पल्याड गेला. भावानं त्याला वर वढून घेतलं. मला सांगितलाय की तिनं ह्यो पिच्चर."

"आक्का, मी ह्या डोळ्यानं बघितलाय. बुडला. तिसऱ्या दिवशी सापडला. थोरला छाती बडवून घ्यालता."

मी असाच आहे. एकदा तोंड उघडलं की मागं घेता येत नाही. आणि मग माझ्या ध्यानात आलं, तो पिच्चर आम्ही कधी बघितला होता ते. आक्काचा थोरला पोरगा हायवेवर अपघातात गेला, त्याला महिना झाला नव्हता. तिनं आक्काला सांगताना त्या नावाड्याला पलीकडं नेऊन सोडला होता. मी इतक्या वर्षांनी जाऊन त्याला बुडवला.

मी म्हणालो, "आक्का, मी येतो."

"बस खाली." आक्का म्हणाली, "मला ठावं हुतं रं. रांगंचा नेम हाय त्यो."

"कसला नेम?"

"सांगणारीनं सांगाय लागायच्या आदी रांग बघायची. कुणाच्या घरात मयत झालंय, कोण रडून आलीया. आसं कोण आसलं तर त्या आठवड्यात पिच्चरमधी कोण मरायचं न्हाय. बाप मरत आसला तर नुसता परगावी जातो. पोरगं मरत आसलं तर तापातनं उठतंय. ती नवीन आलती तवा मीच शिकिवलं तिला. पयल्या दिशीच एकाला फासावर चढवाय लागलती. मी कोपर मारलं. म्हटलं ती म्होरची बग, तिचा दाल्ला गेलाय परवा. तर पोरीनं अशी पलटी मारली, फास द्यायचा दोरच तुटला. सगळी रांग हसली. ती म्होरचीबी हसली."

मी कट्ट्यावरची माती बोटानं रेघत बसलो.

"हाईस का?"

"हाय."

"आता तुझ्या घरात मयत हाय. माझ्याबी. नेमानं बघशील तर सध्या कोण मरायचं न्हाय. कळलं? आन् उद्या येताना नवीन घिऊन ये. बघितलेलं नगं."

घरी आलो तो निराळ्याच कटकटीत. आधी मीच मरणाचे पिच्चर बंद करत होतो, ते माझ्यासाठी. आता आक्काचा नेम आला. आणि पलटी मारणं मला जमणारं नाही हे मला पक्कं ठाऊक. आयुष्यात धड एक थाप मारता आली नाही. मुकादमानं पोत्याला भोक कुणी पाडलं विचारलं की मीच हात वर करायचा. म्हणून मला पिच्चरच असा पाहिजे होता ज्यात कुणी मरत नाही.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "आप्पा, रिमोटवर माइकचं बटण आहे. ते दाबून सांगा तुम्हाला काय पाहिजे ते." दाबलं. टीव्हीला म्हणालो, "ज्यात कोण मरत न्हाय असला पिच्चर दाव." त्यानं लहान पोरांची बोलणारी जनावरं काढून दिली. त्यात पहिल्या दहा मिनिटांत बदकाचा आजा गेला. पोराला परत फोन केला. तो ऑफिसात होता, तरी हसला. मग म्हणाला, "आप्पा, तुम्ही जेवलात का?" मी म्हणालो, जेवणाचं नाही, पिच्चरचं विचारतोय. तो म्हणाला, विनोदी बघा. विनोदी लावला. त्यात चार माणसं मिळून एक मढं लपवत फिरत होती.

दोन दिवस असा मी चित्रांवरनं नुसता फिरलो. त्या ॲपचं एक आहे, तुम्ही जे उघडून टाकून देता त्याच्यासारखंच आणखी पुढं आणून ठेवतं. मी पोलीस टाकला की दुसरा पोलीस. म्हातारी टाकली की चार म्हाताऱ्या. बसून बसून पाठ धरली. उठलो की वाटायचं बसावं. तिला मी विचारायला पाहिजे होतं, पाऊण तास नगं नगं म्हणत असतीस तेव्हा तुला दिसतंय तरी काय गं? मला वाटायचं बाई खोड काढत बसली आहे.

शेवटी परवाच्या दिवशी संध्याकाळी रिमोट दाबता दाबता बोट चुकलं आणि एक कन्नड पिच्चर सुरू झाला. बंद करणार तोवर गिरणीचा आवाज आला. पट्ट्याची पिठाची गिरणी, आमच्या लहानपणी गावात होती तसली. म्हटलं बघू जरा.

एका खेड्यात म्हातारा आणि म्हातारी गिरणी चालवतात. तो पट्टा चढवतो, दळायचे दगड बसवतो. डबे घ्यायचं, दळण कुणाचं ते ध्यानात ठेवायचं, बारीक का जाड ते विचारायचं, हे सगळं तिचं. डब्यावर नावं नाहीत. तिला तोंडपाठ. गावच्या बायका तिच्याशी बोलायला म्हणून पायलीभर ज्वारी घेऊन येतात. म्हातारा पिठानं पांढरा झालेला, त्याला कुणी विचारत नाही आणि त्यालाही कुणी विचारू नये असंच वाटतंय. पाऊण तास झाला, मी उठलो नव्हतो. हा सांगायसारखा आहे हे मला मध्येच कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी मनात आक्काला सांगत सांगतच बघत होतो.

आणि म्हातारी पायरीवर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

मी उठलो. टीव्ही बंद करावा म्हणून रिमोट हुडकला तर सापडेना. मागच्या दारानं परड्यात गेलो. तिथं पाण्याच्या दगडी डोणीपाशी उभा राहिलो. आतनं गिरणीचा आवाज यायचा थांबला, बायकांचं रडणं ऐकायला आलं, मग तेही थांबलं. मला वाटलं आता संपला असेल, आत जावं आणि बंद करावा. आत गेलो. संपला नव्हता. खाली ती रेघ असते किती राहिलाय ते दाखवणारी, त्यात अजून बराच बाकी होता. बायको मेल्यावर ह्या लोकांनी एवढा वेळ काय दाखवायचं ठेवलंय, म्हणून मी खुर्चीत बसलो. आणि शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर ती माणसांची नावं खालनं वर जातात तीही बघितली. वाचता येत नव्हती, कन्नडात होती.

काल सकाळी आठलाच आंघोळ उरकली. दहाची वाट बघवली नाही, साडेनऊलाच गेलो. आक्काची सून चप्पल घालून बाहेर पडत होती. म्हणाली, "मामा, आज लौकर?" मी म्हणालो, काम आहे.

आक्कापुढं खुर्ची ओढून बसलो आणि लगेच सुरू केलं, नाहीतर राहून गेलं असतं. गिरणी सांगितली. पट्टा सांगितला. म्हातारी सांगितली, गावातल्या बायका सांगितल्या. आक्का मध्ये मध्ये बोलत होती. "गिरणी कंची, इंजनाची का लाइटीची?" "म्हातारीनं पातळ कसलं नेसलंय?" पातळाचं माझं ध्यान नव्हतं. "तिनं रंगबी सांगितला असता," आक्का म्हणाली. मी म्हणालो, मग तिलाच विचार. आक्का म्हणाली, "इचारलं असतं की."

मग पायरीपाशी आलो.

"मग ती पायरीवर बसली," मी म्हणालो.

"मग?"

"मग मेली."

आक्काचा हात मांडीवर होता तो तिथंच राहिला. गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"नेम सांगितलेला न्हवं तुला?"

"सांगितलेला. पर ती मेली आक्का. त्याला मी काय करू?"

"कशी मेली?"

"बघितलं न्हाय. उठून परड्यात गेलतो."

"किती येळ?"

"आत आलो तवा तिला नेऊन आलती मानसं."

आक्कानं पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, तोंड. ओठाला पानाचं काहीतरी लागलं होतं. मला वाटलं आता म्हणेल जा घरी. मी उठायच्या बेतात होतो.

"बरं," ती म्हणाली. "मग गिरणी कोण चालवालंय?"

"म्हाताराच. पर त्याला ठावं न्हाय कंचा डबा कुणाचा."

"डब्यावर नावं लिवायची की रं, खुळ्यानं."

"त्याला कुठं लिवाय येतंय? रोज चुकतंय. हिचं तिला, तिचं हिला. गव्हाच्या घरात नाचणी जाती, नाचणीच्या घरात गहू."

"आन् बायका वराडत न्हाईत?"

"कोण वराडत न्हाय. जे येतंय त्ये गपगुमान भाजून खात्यात. त्याला सांगतबी न्हाईत."

"बघ," आक्का म्हणाली. "मग?"

मी खुर्ची जरा उन्हातनं सावलीत घेतली आणि पुढचं सांगायला लागलो.